तालुक्याच्या कॉलेजात पेशी वाढवायच्या आहेत: मीडियम, सीरम, ट्रान्सफेक्शनचं सामान. जाणकारांनी सांगा

ओलीत_मास्तर

नमस्कार मंडळी. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका कॉलेजात बायोटेक शिकवतो. यंदा लॅबसाठी थोडा निधी मिळाला आहे आणि तो मार्चच्या आत संपवायचा आहे, नाहीतर परत जातो. मनात असं आहे की पोरांना जिवंत पेशी वाढवून दाखवायच्या, त्यात बाहेरून जीन घालायचा (यालाच ट्रान्सफेक्शन म्हणतात) आणि पेशी हिरव्या चमकताना दाखवायच्या. आमची पोरं ‘ट्रान्सफेक्शन’वर टीप लिहून दहापैकी आठ मार्क घेतात, पण लिपिडची कुपी कशी दिसते ते त्यांना माहीत नाही.

हाताशी काय आहे: आडवा लॅमिनार (गाळलेल्या हवेचा कट्टा), ऑटोक्लेव्ह, बीओडी इन्क्युबेटर (थंडही करणारा), उणे २० चा साधा डीप फ्रीज, वॉटर बाथ आणि मागच्या योजनेतला फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नाही, उणे ८० नाही.

डीलरनं दिलेली यादी: डीएमईएम (पेशींचं मीडियम), एफबीएस (सीरम), ट्रिप्सिन-ईडीटीए (चिकटलेल्या पेशी सोडवायला), पेन-स्ट्रेप (अँटिबायोटिक), लिपिडचा ट्रान्सफेक्शन रीएजंट, हेक२९३ पेशी आणि पीईजीएफपी-एन१ प्लास्मिड (हिरव्या चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनाचा जीन असलेली डीएनएची कडी). यातलं काय घ्यावं, काय टाळावं? विजेची लाइन गावठाण फीडरची आहे, म्हणजे शेतीच्या फीडरपेक्षा बरी, पण उन्हाळ्यात भरवसा नाही.

वऱ्हाडी_ठेचा

वाचून रायलो. वाचनखूण साठवली.

पेशीवाली

मास्तर, मी पुण्यात अॅनिमल सेल कल्चरमध्येच काम करते. डीलरची यादी पुस्तकातली आहे, तुमच्या लॅबची नाही.

पहिलं म्हणजे हेक२९३ ही माणसाच्या गर्भाच्या मूत्रपिंडापासून १९७३ मध्ये केलेली पेशींची लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढतच राहणारा वंश. माणसाच्या पेशी आडव्या लॅमिनारखाली हाताळायच्या नाहीत. त्यात हवा सॅम्पलवरून थेट तुमच्या तोंडावर येते. म्हणजे पेशी सुरक्षित आणि तुम्ही उघड्यावर. त्यासाठी क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. आडवा लॅमिनार झाडांच्या टिश्यू कल्चरसाठी उत्तम, तिथंच राहू द्या.

दुसरं, डीएमईएममधलं बायकार्बोनेट हवेतल्या जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबानं घातलेलं असतं. एका लिटरला ३.७ ग्रॅम. साध्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलं की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि फिनॉल रेड, म्हणजे मीडियममधला पीएच दाखवणारा रंग, लालाचा जांभळट-गुलाबी होतो. पोरांना वाटेल रंग छान आला. पेशी मात्र सुकत असतात. (उलट मीडियम पिवळं पडलं तर आम्लता वाढली: एकतर पेशी फार दाटल्या, नाहीतर बॅक्टेरिया शिरले.)

इन्क्युबेटर नसेल तर लायबोविट्झचं एल-१५ हे मीडियम आहे, १९६३ चं. त्यात बायकार्बोनेट नाही, ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज आहे, साध्या हवेत चालतं. पण सगळ्या पेशींना ते मानवत नाही आणि कॅबिनेटचा प्रश्न राहतोच.

संत्रानगरी

+१. आणि एफबीएसचं काय? सगळ्यात महाग बाटली तीच ना?

पेशीवाली

तीच. गाईच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम, साधारण १० टक्के घालतात. वाढीचे घटक, पेशी पृष्ठभागाला चिकटवणारी प्रथिनं, सगळं त्यातून येतं, आणि नेमकं काय किती ते कोणीच ठरवत नाही. लॉट बदलला की पेशींचं वागणं बदलतं. म्हणून आम्ही आधी छोटं सॅम्पल मागवून, आपल्या पेशींवर चालवून, मग तो अख्खा लॉट राखून ठेवतो. उणे २० ला साठवायचं, रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचं, लगेच छोट्या ट्यूबांत वाटून परत गोठवायचं. वितळव-गोठव दोन-तीनदा झाली की तळाशी पांढरे तंतू दिसतात. ते बहुतेक फायब्रिन असतं, पेशींना मारत नाही, पण बाटली उन्हात तापली होती का याचा अंदाज त्यावरून घेता येतो. ते काढायला गाळू नका, फिल्टर तुंबतो. हलकं सेंट्रिफ्यूज पुरे.

कास्तकार_पोरगा

एवढ्या भानगडीत पडून काय करायचं मास्तर? यूट्यूबवर सगळं हाय. पोरायले व्हिडिओ दाखवा, निधीचे कॉम्प्युटर घ्या. पयले एवढं सांगा, हेच ते बीटीवालं काम ना? म्हणजे पऱ्हाटीत जीन घालतात ते?

ओलीत_मास्तर

भाऊ, व्हिडिओ दाखवतोच. पण हातानं पिपेट धरल्याशिवाय नोकरीच्या मुलाखतीत पोरगं उभं राहत नाही. हैदराबादच्या कंपन्यांत आमची मुलं जातात. पहिला प्रश्न असतो, ‘कॉन्टॅमिनेशन कसं ओळखाल?’ आणि पोरगं छताकडं पाहतं.

बीटीचं काम नात्यातलं आहे, पण तेच नाही. सवडीनं लिहितो.

पेशीवाली

मास्तर, आता माझा खरा सल्ला. हेक२९३ विसरा. बीओडी आहे ना? मग एसएफ९ घ्या.

एसएफ९ म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, २०१८ पासून भारतात आलीय तीच. तिच्या कोषाच्या अंडाशयातून १९७० च्या दशकात अमेरिकेत एक लाइन केली गेली, एसएफ९ हा तिचाच एक क्लोन. या पेशींना २७ अंश लागतात, ३७ नाही. कार्बन डायऑक्साइड लागत नाही. मीडियमचा पीएच ६.२ च्या आसपास. ट्रिप्सिनसुद्धा लागत नाही: पेशी सैल चिकटतात, पिपेटनं मीडियमचा फवारा मारला की सुटतात. साधारण दिवसभरात दुप्पट होतात. आणि सीरम-फ्री मीडियमला सरावलेला स्टॉक मिळाला तर एफबीएसचीही गरज उरत नाही. ते मीडियम फ्रीजमध्ये, अंधारात ठेवायचं.

हे कमी दर्जाचं काम आहे असं कुणाला वाटत असेल तर: कोव्होव्हॅक्स ही कोविडची लस, जिला भारतात २०२१ च्या डिसेंबरात आपत्कालीन मंजुरी मिळाली, तिच्यातलं स्पाइक प्रथिन एसएफ९ पेशींतच बनतं. जीन बॅक्युलोव्हायरस या किड्यांच्या विषाणूमधून आत नेतात.

कास्तकार_पोरगा

आं? मक्याची अळी? माह्या मक्याचा पोंगा खाऊन ठार केला मागल्या साली त्या अळीनं. हिरवा भुसाच भुसा. अन् तिच्यातून लस?

मास्तर, व्हिडिओवालं मागं घेतो. हे मले पाहाचं हाय.

डॉ_गोठा

पशुवैद्यकात आहे, म्हणून बाजूचं बोलतो. पेशी साठवायला द्रव नायट्रोजन लागते, अन् त्याची सोय बहुतेक प्राध्यापकांच्या नजरेतच येत नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या आमच्याकडं नायट्रोजनच्या कॅनमध्येच असतात, उणे १९६ ला. तालुक्यात कुठं ना कुठं कॅन भरून येतोच. रीतसर पत्र द्या, प्राचार्यांची सही-शिक्का घ्या, अन् स्वतःचा कॅन घ्या. आमच्या कॅनमध्ये तुमच्या कुप्या ठेवायला कोणी परवानगी देणार नाही, मागूही नका. जर्सीच्या कांड्यांत अळीच्या पेशी सापडल्या तर पंचायत.

कॅनचं झाकण घट्ट बसवून गाडीच्या डिकीत बंद करू नका. वायू बाहेर जायला जागा पाह्यजे, अन् बंद खोलीत प्राणवायू कमी होते. मापायची पट्टी लाकडी ठेवा, पोकळ नळी नको. नळी टाकली की नायट्रोजन वर उसळते.

ओलीत_मास्तर

डॉक्टरसाहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं. तालुक्याचा दवाखाना कॉलेजपासून चालत जाण्याइतका आहे.

पेशीवाली ताई, गोठवायचं कसं? कंट्रोल्ड फ्रीझर नाही.

पेशीवाली

मीडियममध्ये १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रावक). थंडी मिनिटाला साधारण एक अंश या वेगानं उतरायला हवी. आयसोप्रोपॅनॉल भरलेला डबा मिळतो, पण तो उणे ८० मध्ये ठेवायचा असतो. तेवढ्यासाठी जवळच्या विद्यापीठात किंवा मेडिकल कॉलेजात ओळख काढा. एक रात्र तिथं, मग तुमच्या नायट्रोजनमध्ये. डीएमएसओ हातमोज्याशिवाय धरू नका, कातडीतून आत जातो आणि त्यात विरघळलेलं जे असेल तेही सोबत नेतो.

संत्रानगरी

मी नागपुरात रीएजंट पुरवण्याच्या धंद्यात होतो, आता नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो. मास्तर, तुमचा खरा शत्रू कुरिअर आहे. एप्रिल ते जून काहीही गोठलेलं मागवू नका. बाकी महिन्यांत डिस्पॅच सोमवार-मंगळवारचाच मागा. शुक्रवारी निघालेला खोका शनिवारी तालुक्याला पोचतो, ऑफिस बंद, आणि तो सोमवारपर्यंत शटरमागं पडून राहतो. कोरडा बर्फ तोवर हवेत. आमच्या एका गिऱ्हाइकाला लायगेज एन्झाइम असं पोचलं की नुसता थर्मोकोलचा खोका आणि आत कोमट कुपी. कुरिअरवाला म्हणे, ‘साहेब, खोका तर फुटला नाही ना.’

सरळ उपाय: माल नागपूरला डीलरकडं थांबवा, स्वतः थर्मोकोलचा डबा आणि जेल पॅक घेऊन सकाळच्या एसटीनं या आणि दुपारच्या आत परत निघा. जेल पॅक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेले हवेत. हे ऐकायला गावठी वाटतं, पण माल मरत नाही.

आणि मीडियम पावडरमध्ये घ्या. हायमीडियासारख्या आपल्याच कंपन्या देतात. पावडर थंड आणि कोरडी ठेवली की टिकते, द्रव बाटल्यांची ने-आण वाचते. पण मग पाणी तुमचं, आणि तिथं गाडी अडते.

वऱ्हाडी_ठेचा

पाण्यावर मी बोलतो. मी अकोल्याकडचा, खारपाणपट्ट्यातला. आमच्या बोअरचं पाणी ज्या कॉलेजात डिस्टिलेशनला लावलं, तिथं हीटरच्या कॉइलवर एवढा पांढरा थर बसला की कॉइल दिसत नव्हती. शिपाई तो पाना मारून खरडत असे. आरओची मेम्ब्रेन लवकर दम तोडते. अन् गंमत अशी की टीडीएस मीटरवर आकडा चांगला आला तरी पाणी पेशींसाठी चांगलं असेलच असं नाही.

पेशीवाली

अगदी बरोबर. मीटर क्षार मोजतो. बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, मीटरला दिसत नाहीत आणि साध्या ऑटोक्लेव्हनं जातही नाहीत. टाकीत शेवाळ-बॅक्टेरिया वाढले, त्याचं डिस्टिल केलं, नळीत पुन्हा वाढले, की झालं. छोट्या कामासाठी सेल कल्चर ग्रेड पाण्याची बाटली विकत घ्या आणि पावडर त्यात विरघळवा. मीडियम ऑटोक्लेव्ह करायचं नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरनं गाळायचं. तुमचं डिस्टिल्ड पाणी काचसामान धुवायला, एलबी (बॅक्टेरियाचं मीडियम) करायला.

निधीतला पहिला पैसा पाण्यावर आणि थंडीवर घाला, दुसरा पेशींवर. रीएजंटची यादी लोक उलट क्रमानं करतात.

ओलीत_मास्तर

पटलं. आता चमकवण्याचं. डीलरच्या यादीत पीईजीएफपी-एन१ प्लास्मिड आहेच. तेच एसएफ९ मध्ये घालू ना?

पेशीवाली

नाही! बरं झालं विचारलंत. त्यात जीएफपीच्या आधी सीएमव्हीचा प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) आहे, माणसाच्या विषाणूकडून घेतलेला. तो सस्तन प्राण्यांच्या पेशींत जोरात चालतो, किड्यांच्या पेशींत जवळजवळ नाहीच. डीएनए आत जाईल, रीएजंटही काम करेल, आणि पोरं काळोखाकडं बघत बसतील. मग सगळे लिपिडला दोष देतील. तुम्हाला आयई१ किंवा ओपीआयई२ सारखा, किड्यांच्या विषाणूचा लवकर चालू होणारा प्रमोटर असलेलं प्लास्मिड हवं.

पद्धत अशी: सहा खणांच्या प्लेटमध्ये एका खणात आठ-नऊ लाख पेशी, बसू द्या. एक मायक्रोग्रॅम प्लास्मिड आणि सेलफेक्टिनसारखं लिपिड, दोन्ही वेगवेगळे साध्या ग्रेस मीडियममध्ये (किड्यांच्या पेशींचं मीडियम). त्यात सीरम नको, अँटिबायोटिक नको. मग एकत्र करून १५ ते ३० मिनिटं ठेवा. धन भाराचं लिपिड ऋण भाराच्या डीएनएला गुंडाळतं, सीरममधली प्रथिनं मध्ये पडली तर तीच आधी चिकटतात. थेंबाथेंबानं पेशींवर सोडा, तीन ते पाच तासांनी मीडियम बदला. ४८ ते ७२ तासांनी पाहा.

कागदावर ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते २०-२५ अंश समजून. तुमच्याकडं एप्रिलात खोली चाळिशीत असते. ती १५-३० मिनिटं प्लेट आणि ट्यूब बीओडीतच ठेवा.

डॉ_गोठा

चाळीस म्हणजे आमच्याकडं मार्चच. चंद्रपूरवाल्यांनी हसू नये.

विदा_वेडा

लिपिड महागच पडणार. पॉलिइथिलिनइमिन, म्हणजे पीईआय, पाहा. २५ किलोडाल्टनचं सरळ साखळीचं. एक मिलिग्रॅम प्रति मिली, पीएच ७ ला आणून गाळायचं, छोट्या ट्यूबांत गोठवायचं. डीएनएच्या वजनाच्या तिप्पट हे सुरुवातीचं प्रमाण, पुढं आपल्या पेशींवर बसवायचं. १९९५ पासून वापरात आहे. त्याहून स्वस्त कॅल्शियम फॉस्फेट, १९७३ चं ग्रॅहम आणि व्हॅन डर एब यांचं, पण त्यात बफरचा पीएच ७.०५ वरून किंचित जरी हलला तरी कण एकतर बनत नाहीत किंवा खडीसारखे मोठे होतात. जुना पीएच मीटर असेल तर वाटेला जाऊ नका.

पेशीवाली

पीईआय उत्तम, पण पेशींना ते विषारीही आहे. पहिल्या वेळी लिपिडची छोटी कुपी घ्या, एकदा चमक दिसली की पीईआयवर या. दोन्ही अनोळखी गोष्टी एकत्र नकोत.

ओलीत_मास्तर

मग क्रम असा ठरवतो: आधी ई. कोलायमध्ये जीएफपी (बॅक्टेरियात चालणाऱ्या, अँपिसिलिन सोसणाऱ्या वेगळ्या प्लास्मिडनं), मग एसएफ९. डीएच५ अल्फा या ई. कोलाय वाणाच्या तयार कॉम्पिटंट (डीएनए आत घेणाऱ्या) पेशी उणे ८० मागतात, म्हणून त्याच दिवशी करू. गार ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, अर्धा तास बर्फात, ४२ अंशाला ४५ सेकंद, पुन्हा बर्फात. बर्फ चौकातल्या रसवंतीवाल्याकडून मिळतो. लादी गोणपाटात गुंडाळून, वर भुसा लावून देतो, आम्ही धुऊन घमेल्यात फोडतो. ट्यूब पाण्या-बर्फाच्या लगद्यात ठेवायची, नुसत्या खड्यांत मध्ये हवा राहते.

पेशीवाली

छान. कॅल्शियम क्लोराइडमध्ये बर्फावर रात्रभर ठेवलेल्या पेशी बऱ्याचदा आणखी चांगलं काम करतात, तेव्हा पूर्ण वर्ग एका दिवसात कोंबू नका. आणि अँपिसिलिनच्या प्लेट ताज्या ठेवा. मोठ्या कॉलनीभोवती बारीक उपकॉलन्या दिसल्या तर त्या उचलू नका: मोठीनं आसपासचं औषध तोडलं, म्हणून त्या फुकटात जगल्या.

कास्तकार_पोरगा

मास्तर, बीटीचं राह्यलं. आमच्या इकडं तणनाशक सोसणारं बियाणं गुपचूप विकून रायले. ते असंच बनते का?

ओलीत_मास्तर

भाऊ, झाडात जीन घालायला लिपिड नाही चालत, भोवती जाड भिंत असते. तिथं अॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जीवाणू वापरतात. तो निसर्गातच स्वतःचा डीएनए झाडात घालून गाठ आणतो. शास्त्रज्ञ गाठीचे जीन काढून आपला जीन बसवतात. मग मुराशिगे-स्कूगच्या मीडियमवर पेशीपासून झाड उभं करतात. हे मीडियम १९६२ चं, पीएच ५.८, साखर लिटरला ३० ग्रॅम. कापसात खरी अडचण इथंच आहे: आपल्या बहुतेक जाती पेशीपासून झाड उभं करू देत नाहीत. म्हणून पहिला बीटी कापूस कोकर ३१२ या अमेरिकी जातीत केला, मग संकर करून आपल्याकडच्या जातींत आणला. २००२ मध्ये इथं परवानगी मिळाली ती त्यालाच.

आणखी एक मजा. ज्या २,४-डी चा वारा शेजारच्या धुऱ्यावरून आला तरी तुमच्या पऱ्हाटीची पानं पंज्यासारखी आकसतात, तेच आम्ही टिश्यू कल्चरमध्ये लिटरला मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम घालतो. तेवढ्यात कोवळ्या तुकड्यावर पेशींचा गोळा वाढतो.

तणनाशकवाल्या त्या बियाण्याला परवानगी नाही. पाकिटात काय आहे याची हमी कोणी देत नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठं करणार? घेऊ नका.

कास्तकार_पोरगा

बिल देत नाई कोणी, हे खरं हाय.

विदा_वेडा

परवानगीचा विषय निघालाच आहे तर मास्तर, तुमच्यासाठीही. १९८९ च्या नियमांनुसार रिकॉम्बिनंट डीएनएचं काम करणाऱ्या संस्थेला स्वतःची जैवसुरक्षा समिती लागते. जीएफपी आणि ई. कोलायचं काम सगळ्यात कमी धोक्याच्या गटात येतं, पण समितीच्या कागदावर नोंद हवी. टाकाऊ प्लेट ऑटोक्लेव्ह करून किंवा हायपोक्लोराइटमध्ये बुडवूनच बाहेर. कॉलेजमागच्या नाल्यात नाही.

संत्रानगरी

आणि जिनिंग जवळ असेल तर लॅमिनारचा प्री-फिल्टर हंगामात दर आठवड्याला झाडा. सरकी-रुईचा तो बारीक भुरा मी स्वतः फिल्टरमधून मुठीनं काढलाय.

ओलीत_मास्तर

जिनिंग कंपाउंडला लागूनच आहे. त्यात पावसाळ्यात बुरशी.

पेशीवाली

बुरशी दिसते तरी. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू दिसत नाही. त्याला पेशीभिंत नसते म्हणून पेनिसिलिन चालत नाही, आणि ०.२२ च्या फिल्टरमधूनही निसटतो. पेशी कुठूनही फुकट ‘देतो’ म्हणाले तर घेऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार संस्थांना पेशी देतं, त्यांच्याकडं यादी आणि फॉर्म मागा. आल्यावर पहिल्या दोन पिढ्यांतच काही कुप्या गोठवा. आणि अँटिबायोटिक रोज घालायची सवय नको. त्यानं गचाळ हात झाकले जातात.

ओलीत_मास्तर

ठरलं. समितीचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर गेला आहे. डीलरला नवी यादी दिली: एसएफ९ चं सीरम-फ्री मीडियम, लिपिडची लहान कुपी, कल्चर ग्रेड पाणी, नायट्रोजनचा छोटा कॅन. हेक, डीएमईएम, एफबीएस, ट्रिप्सिन सगळं काटलं. डीलर नाराज आहे. ई. कोलाय याच महिन्यात, खर्च मार्चच्या आत, पण पेशी मागवणार पावसाळा उतरल्यावर.

डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं कॅन कोणत्या वारी भरून येतो?

डॉ_गोठा

दवाखान्यात विचारून व्यक्तिगत निरोप करतो. कॅन घेताना मानेजवळ हात फिरवून पाहा, दंव धरत असेल तर व्हॅक्यूम गेला आहे, घेऊ नका. डीलर म्हणेल ‘असंच असते’. तसं नसते.